आयांनी खाल्लेली पिल्लं

मावशीनं फ्रीजरचं झाकण उचललं आणि एकेक पिशवी काढून टेबलावर मांडली. अकरा पिशव्या. प्रत्येकीत उंदराचं एक पिल्लू, शेपटीसकट अख्खं, आणि वर औषध दिलेल्या पिंजऱ्याची चिठ्ठी.

"बघा ताई. आता सांगा, कुठल्या आईनं खाल्लं ते."

ताईच्या हातात नवंकोरं मासिक होतं. तिचं संशोधन छापून आलं, म्हणून उंदीरघर सांभाळणाऱ्या मावशीला दाखवायला ती हौसेनं धावत आली होती. सोपं करून सांगितलंही होतं. तान्ह्या पिल्लांची फुप्फुसं जादा ऑक्सिजननं बिघडवली, मग स्टिरॉइड दिलं, फुप्फुसं सुधारली. औषधानं एकही पिल्लू दगावलं नाही. अकरा कमी भरली खरी, पण ती आयांनी खाल्ली. उंदरीण खातेच कधी कधी दुबळं पिल्लू, आणि नोंदवहीत तसं लिहून मोकळं व्हायची पद्धतच आहे. एवढं ऐकून मावशी तडक फ्रीजरकडे गेली होती.

ही अकरा कमी झाली ते चार दिवस ताई इथं नव्हती. तिच्या मार्गदर्शक सरांनीच घरी पाठवलं होतं. "आई आजारी आहे ना तुझी? जा बाळ, पिल्लांचं मी बघतो." किती गहिवरली होती तेव्हा! सख्खा बापही इतकं करत नाही, असं मावशीलाच सांगत सुटली होती. बघितलं म्हणे. चांगलंच बघितलं.

सर दारात येऊन उभे राहिले. पिशव्या पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"सर, ही औषधानं मेली."

"मुळातच मरतुकडी होती. प्रत्येक पिल्लासाठी रडत बसलो, तर जन्मात काही छापून यायचं नाही."

"आणि मला सांगितलंही नाहीत?"

"तुझ्या भल्यासाठीच. लेखावर पहिलं नाव कुणाचं घातलंय मी?"

तिचंच होतं. त्या नावासाठी ती परवा सरांसमोर आनंदानं रडली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापून घेताना तिनं आभारही मानले होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लहान मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई होत्या.

"अभिनंदन हं. आमच्याकडे नऊशे ग्रॅमचं बाळ आहे, व्हेंटिलेटर काही सुटत नाही. स्टिरॉइड द्यायला बिचकत होते, तुमचं वाचून धीर आला. आज सुरू करतेय. म्हटलं, एकदा तुमच्याशी बोलावं."

सरांनी हात पुढं केला. "दे इकडे. मी बोलतो."

तिनं फोन दिला नाही.

"डॉक्टर, थांबा. नका देऊ. आमची अकरा पिल्लं त्या औषधानं मेलीत."

पलीकडे मासिकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"अहो, पण एकही दगावलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?"