एका दमात

"आउट!" बाई ओरडल्या आणि दाजी कुबल चौथ्यांदा मान खाली घालून रेषेबाहेर जाऊन बसला.

बंदरावरच्या होडीवाल्यांना इंग्रजी बोलता यावं म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी पटांगणात कबड्डी मांडली होती. नियम एकच. चढाईला 'कबड्डी, कबड्डी' म्हणायचं नाही, एका दमात इंग्रजी बोलायचं. थांबला तो बाद. तरुणपणी तालुक्याची ढाल जिंकलेला दाजी दोन शब्दांतच अडकत होता. पर्यटकांसमोर याचं तोंड उघडत नाही म्हणून होडीवाल्यांची सोसायटी त्याला पुढच्या महिन्यापासून होड्या धुवायला लावणार होती.

"शब्द येतत हो बाई. पण बरोबर की चूक ता बघतंय आणि दम तुटता."

"चढाईत पाय बरोबर पडतोय का, ते कधी बघायचात का, दाजी?"



रविवारी त्याच्या होडीत एक गोरी म्हातारी होती. परतताना किनारा जवळ आला, तेव्हा तिने पाण्यातल्या काळ्या खडकाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्या खडकावर काय झालं होतं, ते तीस वर्षांत दाजीने घरातही कुणाला धड सांगितलं नव्हतं.

त्याने छाती भरून श्वास घेतला.

"दॅट रॉक, माय फादर, बोट ब्रेक, बिग वेव्ह, आय कॅच हँड, अगेन वेव्ह, हँड गॉन..."

म्हातारीने त्याचा हात घट्ट धरला. तरी तो थांबला नाही. होडी वाळूला टेकली, तेव्हाच त्याने दम सोडला.