माशीच्या पाठीवर

गोठ्याची मातीची भिंत दुसऱ्या दिवशी लिंपायची होती, आणि साल्कीन तिला गाल लावून बसली होती. भिंतीतल्या बिळांत रानटी मधमाश्या गुणगुणत होत्या.

"शहरात एवढं शिकलीस ती माझा गोठा चाटायला का?" दुधाची बादली खाली ठेवत जिपारवहिनीनं विचारलं.

साल्कीननं चिमट्यात धरलेली माशी पुढे केली. माशीच्या पाठीवर केशरी ठिपके होते. तिनं सांगितलं, हे ठिपके म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या. माशी त्यांना नकळत घरी नेते. तिथं त्या तिचं अंडं खातात आणि तिनं साठवलेल्या मधावर वाढतात.

"आणि त्यांची आई?"

"मातीत अंडी घालते नि निघून जाते. वळूनही बघत नाही."

"तू होतीस का तिथं, बघायला?" वहिनीनं बादली उचलली. मग जाता जाता म्हणाली, "राहू दे. लिंपण परवा करू."

चहाला बसल्यावर बूरुल, साल्कीनची आई नि वहिनीची सासू, शेजारच्या घराचं सांगत होती. तिथल्या सुनेनं रीतीप्रमाणे पहिलं मूल सासूसासऱ्यांच्या ओटीत घातलं होतं; आता ते त्यांचंच मूल म्हणून वाढणार होतं. सून अजून कुढत होती. जिपारवहिनी रोज संध्याकाळी तिच्याशेजारी नुसती बसून येई.

वहिनीनं भाकरीची खरपूस कड मोडली आणि साल्कीनपुढे सरकवली. बूरुलला बावन्नाव्या वर्षी झालेलं हे शेंडेफळ; त्याचे लाड सगळेच करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी त्याच भिंतीशी कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अंगणात लोकर थापून केलेल्या नमद्याचा तंबू उभा राहिला. मयताशेजारी, तंबूच्या कडेला तोंड करून बायका गाऊन रडतात. पहिला सूर लेकीचा. वहिनीला तिघेही मुलगे. लेक नसली की मयत मुकं जातं, असं म्हणत बायका हळहळल्या. मग कुणीतरी जपून सुचवलं, नणंद आहे की, तिनं धरावा सूर.

साल्कीन जागची हलली नाही.

बूरुलनं आपली काळी शाल उतरवली, तिच्या खांद्यांवर घातली आणि मयताजवळची जागा रिकामी केली.

"जा," ती म्हणाली. "मला वाईट वाटणार नाही."

बाहेर न लिंपलेली भिंत गुणगुणत होती. साल्कीन नमद्याकडे तोंड करून बसली. मागच्या बायका तिच्या सुरात सूर मिसळायला थांबून राहिल्या.

"आई," साल्कीन मयताला म्हणाली, "मला लहानपणापासून ठाऊक होतं."