शेवट न बसलेला नाच

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि ढाणकीच्या एका शाळेचा भरलेला हॉल डोळ्यांसमोर आणा. वेळ दुपारची. नाच शिकवणाऱ्या शगुफ्ता मॅडमची रीतच अशी, की नाच अर्धामुर्धा बसला की तो गावापुढे करायचा आणि लोकांनाच विचारायचं, काय दिसलं, काय खटकलं?

त्या दिवशी अर्पितानं फवारणीचा नाच केला. पाठीवर पंप असल्यासारखी वाकून ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीतून चालली. शेवट कालपर्यंत तिला सुचत नव्हता. आज मात्र ती डोळे चोळत, तोंडाची लाळ पुसत, झोकांड्या खात चालली आणि गुडघ्यांवर कोसळली.

"बेवडा हाय बे हा!" मागून बंटी ओरडला. सगळा हॉल हसला. अर्पिताही खूश झाली.

समोर बसलेले म्हातारे विठ्ठलराव मात्र हसले नाहीत. फवारणीचं विष अंगात भिनून ते मागच्या वर्षी आठ दिवस दवाखान्यात होते. ते उठून स्टेजपाशी आले.

"पोरी, हा शेवट कोणं शिकवला तुले?"

"कोणीच नाही, आजोबा. म्या इकडं यायच्या आधी बाबा फवारणी करून घरी आले ना, ते असेच चालत होते. म्या पाहून घेतलं."

"आता कुठं हाय तो?"

"निजले घरी. हाका मारल्या तं बोललेच नाही."

हॉलमध्ये कोणी हसेना. अर्पितानं एकेकाचं तोंड पाहिलं. मग तिनं स्टेजवरून उडी मारली, विठ्ठलरावांचा हात धरला आणि त्यांना ओढतच दाराकडे धावली.