कानातला नंबर

“भाकरी निवतेय, आणि हे कुणाच्या तरी म्हशीसाठी प्रार्थना करताहेत,” करुणाबाई तव्याशी पुटपुटल्या.

चर्चच्या वेबसाइटवरचा प्रार्थनेसाठीचा फोन नंबर चिप घालून बिशपसाहेबांच्या कानातच बसवल्यापासून कुणीही, कधीही त्यांच्याशी बोलू शकत होतं. समोरची बायको मात्र त्यांना ऐकू येत नसे. साहेब खंगत चाललेत हे सगळ्यांना दिसत होतं. नंबर काढा म्हणायला कुणी धजत नव्हतं.

करुणाबाईंनी पदराला हात पुसून तोच नंबर लावला आणि फोनच्या रांगेत थांबल्या. भाकरी पार गार झाल्यावर समोर बसलेले साहेब, डोळे मिटूनच, मायेनं म्हणाले, “बोल बाळा, कशासाठी प्रार्थना करू?”

“अहो, डोळे उघडा, मी आहे. काढा तो नंबर. सगळ्यांचं ऐकायला देव आहे. तुम्ही देव नाही.”