घरी येऊन डेमो

निवृत्त हेडक्लार्क वाफेचा मॉप आणायला निघाले, तेव्हा बायकोने बजावलं, "नीट चालवून बघा हं. माझे गुडघे आता वाकत नाहीत." चाळीस वर्षांच्या संसारात फडक्याला बोट न लावलेला माणूस! पण दुकानात पहिला मॉप हातात घेतला, वाफ फुसफुसली, लादी लखलखली आणि त्यांना चेवच चढला. कुठला घ्यावा हे ठरवता ठरवता त्यांनी अख्खं दुकान पुसून काढलं. गिऱ्हाइकं त्यांनाच विचारू लागली. टाइल्सना कुठला, लाकडी फरशीला कुठला, हे त्यांनी असं ठासून सांगितलं की तासाभरात सगळे मॉप खपले. खूश झालेल्या मालकाने त्यांच्या छातीवर दुकानाचा बिल्लाच लावला.

"मॉप कुठाय?" बायकोने दारातच विचारलं.

"संपले. पण मला नोकरी लागली!"

तिने बिल्ल्यावरचं दुकानाचं नाव नीट वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवा माल येताच मालकाने त्यांच्या हातात एक मॉप आणि चिठ्ठी ठेवली. एका बाईंना घरी येऊन डेमो हवा होता. चिठ्ठीवर हेडक्लार्कांच्याच घरचा पत्ता होता.

दार बायकोने उघडलं.

"या," ती म्हणाली, "स्वयंपाकघरापासून सुरू करा. पसंत पडलं तरच घेईन."