घरी गेलं की लाडात येणारं मशीन

“पुन्हा स्क्रीन निळी?” दुकान झाडता झाडता ताईनं विचारलं.

थंडोबानं फोन ठेवून मान हलवली. कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवण्यात बाजारात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव. स्वभावालाही शोभायचं. चाळिशी उलटली तरी मनातलं ओठांवर यायचं नाही.

फोन एका चित्रकार बाईंचा होता. त्या एकट्या राहायच्या आणि मुलांसाठी कार्टूनपट करायच्या. काम लवकर उरकावं म्हणून त्यानं त्यांच्या प्रोसेसरचा वेग वाढवून दिला होता, आणि तो पेलावा, मशीन बंद पडू नये म्हणून व्होल्टेजही. दुकानात त्यावर रात्रंदिवस ताण टाकून पाहिला, मशीन ढिम्म हललं नाही. बाईंच्या घरी मात्र दर आठवड्याला कोलमडायचं.

“इथे शहाण्यासारखं वागतं नि तिकडे गेलं की लाडात येतं,” ताई म्हणाली. “आणि तू तक्रार ऐकूनही भांग पाडून निघतोस!”

बाईंकडे पोचल्यावर त्यानं पंख्यांची धूळ झटकली, नेहमीसारखं आपलं जतन केलेलं सेटिंग लावलं आणि टेस्ट सुरू केली. पंखे घोंघावू लागले. टेस्ट संपेपर्यंत हलायची सोय नव्हती. चहा झाला. बाईंनी त्याचं चित्र काढलं, डोक्याच्या जागी गरगरणारा पंखा. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

संध्याकाळी टेस्ट पास झाली. एकही चूक नाही. थंडोबाचं तोंड उतरलं.

“बाई, माझी अक्कल चालेना. मी असतो तोवर मशीन गुणी, पाठ फिरली की आडवं. आता वेग मूळचाच करून देतो. काम जरा रेंगाळेल, पण तुमच्या डोक्याचा ताप जाईल.”

“मग तुम्ही यायचे नाहीत?”

“कशाला येऊ?” तो बाईंकडे न बघता म्हणाला. त्यानं कीबोर्ड ओढला.

बाईंनी पटकन त्याच्या हातावर हात ठेवला. “वेग राहू द्या. यापुढे नाही बंद पडणार.”

“कशावरून?”

बाई लाजल्या, मग खुदकन हसल्या. “तुमची पाठ फिरली की व्होल्टेज मीच कमी करते. नाहीतर तुम्ही आला असतात का?”