गाडीवरची गाडी

नम्रताने तिसऱ्यांदा वडिलांचा नंबर लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. तिने फोन बंद केला आणि लगेच पुन्हा लावला.

पाच मिनिटांपूर्वी तिने आईला सहज फोन केला होता. तो शेजारच्या चिमाकाकीने उचलला.

"तुझी आय पुलावर गेली गो. फोन हितंच इसरली. काशीराम येतोय ना रेल्वेतनं, त्याला डबा द्यायचाय. सकाळधरनं कोलंबीचं सार काय नि भाकऱ्या काय, नव्या नवरीसारखी लगबग! माझा पाय धड असता तर मी पण गेले असते बघायला."

"बाबा ट्रक रेल्वेवर घालून येतायत?"

"तर! पयल्यासारखं."

पहिल्यासारखं. हा शब्द ऐकताच नम्रताने फोन ठेवला आणि बाबांचा नंबर लावला.

कोलाडला भरलेले ट्रक मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवतात. चाकांखाली लाकडी पाचरी ठोकतात, साखळ्या बांधतात. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसून राहतात आणि गाडीवरची गाडी गोव्याला जाते. काशीरामने बारा वर्षं हे केलं. करबुड्याचा लांब बोगदा संपला की त्याचं गाव. तिथल्या सिग्नलला ही मालगाडी हमखास थांबायची, एक्स्प्रेसला वाट द्यायला. सिग्नलच्या अलीकडे रुळांवरून जाणारा एक अरुंद पूल होता. ट्रक त्याच्याखाली थांबला की काशीराम केबिनमधून निघून टपावर चढायचा. त्याची बायको सखू कठड्यावरून वाकायची. डबा या हातातून त्या हातात जायचा. नम्रता लहानपणी आईबरोबर जायची. एकदा बाबांनी खालून हात उंचावून तिची वेणी ओढली होती.

मग चार वर्षं काशीराम गुजरातच्या रस्त्यावर होता. त्या काळात इथे रुळांवर विजेची तार आली. पंचवीस हजार व्होल्ट. नम्रता रत्नागिरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होती. त्या तारेला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ जाणं पुरतं, हे तिला माहीत होतं. ट्रकच्या टपावर उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं आणि ती तार यांत किती अंतर उरेल, याचा तिने मनात हिशेब केला. उत्तर आल्यावर तिने तो पुन्हा केला नाही.

"मॅडम, गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतच नाहीये," प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाकडून एक मुलगी म्हणाली. नम्रताला ते ऐकू आलं नाही.

चौथ्या वेळी रिंग गेली.

"बोल गो." बाबांचा आवाज निवांत होता. "बोगद्याच्या अलीकडं, उक्षीला उभे हाव. सोडतील आता."

"बाबा, टपावर चढायचं नाही!"

"आँ?"

"डबा घ्यायला. टपावर चढायचं नाही. वर तार आहे. स्पर्शसुद्धा करावा लागत नाही, जवळ गेलात तरी माणूस जळून जातो. माझी शपथ आहे तुम्हाला."

पलीकडून हसणं आलं.

"अगो, मी काय खुळा हाय? कोलाडला ट्रक चढवताना सायबानं पयलं तेच सांगितलंन. कागदावर सही घेतलीन. गाडी उभी असली तरी केबिनच्या बाहेर पाऊल टाकायचा नाय. वर्गात पोरांवर आरडतेस ती आता बापावर पण काय?"

नम्रता स्टुलावर बसली. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मुली वळून तिच्याकडे पाहत होत्या. तिने हातानेच त्यांना काम करा म्हणून सांगितलं.

"घाबरवलंत मला."

"मी? फोन कुणी केलान?"

शिटी वाजली. पाठोपाठ साखळ्यांचा खडखडाट फोनमधून ऐकू आला.

"सुटली," काशीराम म्हणाला. "आता बोगद्यात फोन जाईल हां. सार केलंन म्हणे तुझ्या आयेनं. चार वर्षांनी ट्रकात बसून तिच्या हातचं गरम जेवण, नि गाडी चालवायचा त्रास नाय!"

"सावकाश जेवा. केबिनमध्येच बसून."

"तर काय! खिडकीतनंच घेतो डबा. माझा ट्रक इंजिनापासून तिसरा, बरोबर पुलाखाली येतो. तुझी आय हुशार. काल फोनवर सगळं तिनंच ठरवलंन."

नम्रता पुन्हा हसली. मग थांबली. पूल वर होता. खिडकी खाली होती.

"खिडकीतून कसा घेणार? आई तर पुलावर असते."

"झेला सोडणार हाय ना वरनं, आंबं काढायचा. डबा जाळीत ठेवायचा नि काठी खाली सोडायची, थेट माझ्या खिडकीपाशी. मला उतराया नको नि चढाया नको."

नम्रता उभी राहिली. स्टूल मागे पडलं. फोनमधला खडखडाट वाढत चालला होता.

"बाबा, कुठली काठी? बाबा, ऐका—"

"बांबूची नाय गो, ती जड जाते तिच्या खांद्याला," काशीराम मोठ्याने म्हणाला. "पाडव्याला तूच घेऊन दिलास ना तिला, तो नवा, अ‍ॅल्युमिनियमचा—"

गाडी बोगद्यात शिरली.